घोंगडी पांघरलेले ड्रम

नोकरीतली बरीच प्रकरणे मी मुद्दाम विसरलो आहे. हे एक मात्र तारीखवार लक्षात आहे, आणि आठवले की अजून हसू फुटते. बायको विचारते, "एकटेच काय हसताय?" मी म्हणतो, "ड्रम आठवले." मग तीही हसते, कारण पुढे त्या ड्रमांनी आमच्या घरातही शिरकाव केला.

कुणाचे नाव घेणार नाही. माणसे अजून त्याच गावात, त्याच रस्त्याने फिरतात. मी स्वतः खंडाळा तालुक्यातला. तेव्हा सांगली शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो आणि निवृत्तीला वर्ष उरले होते. मार्च लागला होता. सकाळची हजेरी झाली, रात्रपाळीच्या अंमलदाराने डायरी पुढे ठेवली, आणि टपालातून एक निनावी पत्र आले.

निनावी पत्रे मी ढिगाने वाचली आहेत. शेजाऱ्याचा सूड, भावकीचा राग, बायकोवरचा संशय असे सगळे त्यात असते, आणि अक्षर मुद्दाम वाकडे काढलेले असते. हे पत्र मात्र सुवाच्य होते. वर मध्यभागी "विषय", त्याखाली पट्टीने ओढलेली रेघ. मग अनुक्रमांक घालून परिच्छेद. एक, मुलींच्या अमुक वसतिगृहाचा वीजवापर संशयास्पदरीत्या घटलेला आहे. दोन, सदर इमारतीच्या गच्चीवर मागील मंगळवारी १६३० वाजता काळ्या वस्तूंची हालचाल दिसून आली. तीन, मीटरची तपासणी होऊन योग्य ती कारवाई व्हावी. खाली सहीच्या जागी "निनावी", आणि त्याखाली कोपऱ्यात "प्रत : कार्यालयीन फाइल".

मी खुर्चीतच मागे रेललो. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत. माझे दोन काका फौजेत होते. ते आजारपणाची तार सुद्धा अनुक्रमांक घालून पाठवत. साडेचारला १६३० लिहिणारा आणि निनावी पत्राची सुद्धा प्रत फाइलला लावणारा माणूस कोणत्या पेशातला, हे कळायला गुप्तहेर असावे लागत नाही. मी पत्रावर आवक क्रमांक घातला आणि ड्रॉवरमध्ये ठेवले.

दुपारी वीज कंपनीचे सहायक अभियंता आले. तरुण, घामेघूम आणि चिडलेले. तसलेच पत्र त्यांनाही गेले होते, म्हणून त्यांचे भरारी पथक त्या वसतिगृहावर धडकले. फाटकात तिथला व्यवस्थापक हात मागे बांधून उभा राहिला आणि म्हणाला, रेक्टर बाई सुट्टीवर आहेत, त्यांच्या परवानगीशिवाय आत पुरुषमाणूस जाणार नाही.

"बाहेरचं मीटर पाहिलं का?" मी विचारले.

"पाहिलं, सर. सील जागेवर आहे. म्हणून तर संशय वाढला. खांबावरून मीटरला येणाऱ्या सर्व्हिस वायरला आत कुठंतरी चोरटा जोड असणार. गेल्या वर्षी याच सुमाराच्या निम्म्याहून कमी रीडिंग. पोरी तेवढ्याच, इमारत तीच. हे होतं कसं?"

त्यांना दोन कलमांखाली तक्रार द्यायची होती : वीजचोरी आणि सरकारी कामात अडथळा. शिवाय दुसऱ्या दिवशी कनेक्शन तोडायचे होते. मी कॅलेंडरकडे पाहिले. परीक्षा तोंडावर होत्या. कडेगाव, जत, आटपाडीकडच्या चाळीसेक मुली तिथे राहून शिकत होत्या. दिवे गेले की त्यांनी अभ्यास कुठे करायचा? मी अभियंत्यांना म्हटले, "चोवीस तास द्या. प्राथमिक चौकशी करतो. चोरी निघाली तर मीच तुमच्याबरोबर वायर कापायला येतो." ते नाइलाजाने कबूल झाले.

व्यवस्थापकाला बोलावून घेतले. ते सेवानिवृत्त सुभेदार निघाले, कडेगाव तालुक्यातले. साठीच्या पुढचे, इस्त्रीचा पांढरा सदरा, बुटांना पॉलिश. समोर खुर्ची असून बसले नाहीत. मी दोनदा सांगितल्यावर बसले, तेही पाठ न टेकता.

"सुभेदार, पथकाला अडवलंत."

"अडवलं, सायेब. फाटकावर माझी ड्यूटी हाय. बाईंचा हुकूम न्हवता."

"ठीक. आता सांगा, वीज कमी कशी झाली?"

"त्ये सांगता येनार न्हाई."

"का?"

"त्ये बी सांगता येनार न्हाई."

मी तासभर सगळे प्रयोग केले. चहा पाजला, आवाज चढवला, परत चहा पाजला. वायरमन आला होता का, गच्चीवर काय आहे, गिझर चालतात का, एकूण एक प्रश्न विचारून पाहिला. माणसाने तोंडात मिठाची गुळणी धरली होती. मी म्हटले, "उद्या पोरींचे दिवे जातील आणि तुमच्यावर चोरीचा गुन्हा दाखल होईल. कळतंय का?"

तेव्हा त्यांचा चेहरा हलला. "सायेब, बत्तीस वर्सं वर्दीत काढली. लंगरमधला, पलटनीच्या सैपाकघरातला, चमचा कवा घरी आनला न्हाई. गावात माझ्या बापाला लोक मान देत हुते, आता मला देत्यात. चोर म्हनून कागदावर नाव आलं तर मी गावात जानार न्हाई. पन सांगता येनार न्हाई, म्हंजे न्हाई."

खोटे बोलणारा माणूस गप्प बसत नाही, गोष्ट रचतो. त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असते. हा माणूस गोष्ट रचायला तयार नव्हता आणि डोळ्यांत पाणी आणून बसला होता. मला स्वतःचाच राग आला, कारण माझ्या हाताला काहीच लागत नव्हते.

ठाणे अंमलदाराने सवयीप्रमाणे त्यांच्या खिशातल्या वस्तू टेबलावर मांडल्या. चष्मा, किल्ल्यांचा जुडगा, माजी सैनिकाचे ओळखपत्र, आणि घडी घातलेली कागदाची एक पुडी. अंमलदाराने पुडी उघडली. आत चिमूटभर भंडारा.

"देवाला गेला होता का?" मी सहज विचारले. सुभेदारांनी पुडीकडे पाहिले आणि पटकन मान खाली घातली. तिथेच माझी ट्यूब पेटली.

पूर्वेच्या, जतकडच्या दुष्काळी भागात मी चार वर्षे काढली आहेत. तिकडे मेंढरांमागे फिरणाऱ्या घरांत शब्द घ्यायचा तर हातात भंडारा देतात. भंडारा उचलला की विषय संपला. मग कोर्टात सुद्धा तो माणूस तोंड उघडत नाही. हे सुभेदार उसाच्या पट्ट्यातले, यांच्याकडे तशी रीत नाही. म्हणजे त्यांना भंडारा उचलायला लावणारे दुसरेच कुणीतरी होते.

"वसतिगृहात जतकडचं कोण आहे?" मी विचारले.

हे सांगायला शपथ आड येत नसावी. ते म्हणाले, "सैपाकाच्या मावशी हैत."

मी टोपी उचलली, सुभेदारांच्या वस्तू पुडीसकट त्यांना परत दिल्या, महिला हवालदारांना बरोबर घेतले आणि सुभेदारांना जीपमध्ये बसवले. ते पुढे बसेनात, मागेच बसले, ताठ.

फाटकात मावशी उभ्याच होत्या, कमरेला पदर खोचून, हाताला पीठ. मागे जिन्यावर पोरी दाटीवाटीने उभ्या. मावशींनी आधी सुभेदारांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि मग माझ्याकडे वळल्या.

"मारलं न्हाई न्हवं?"

"नाही हो मावशी. दोन कप चहा पाजला. पण ते बोलत नाहीत, आणि बोलले नाहीत तर उद्या इथले दिवे जाणार आहेत. भंडारा तुम्ही उचलायला लावलात ना?"

त्या चपापल्या. "तुमास्नी कुनी सांगितलं?"

"त्यांच्या खिशानं."

मावशी हसल्या. "आवं, आमी समद्यांनीच उचललाय. निकाल लागंस्तवर कुनी काय बोलायचं न्हाई, आसं ठरलंय. पन म्हनून सुभेदार जेलात जात्यात व्हय?" त्यांनी हात पदराला पुसला, पुडीतला भंडारा घेतला, सुभेदारांच्या कपाळाला लावला आणि म्हणाल्या, "माज्या हातनं उचलला, माज्या हातनं उतरला. बोला आता."

आणि सुभेदार जे बोलू लागले, ते आवरता आवरेनात. दुपारभर दाबून ठेवलेले सगळे एकदम बाहेर आले.

त्याचे सार असे. शहरातल्या इमारती जितकी वीज जाळतात, तितका कुठेतरी कोळसा जळतो आणि तापमान वाढवणारे वायू हवेत जातात, म्हणून महापालिकेने मोठ्या इमारतींची स्पर्धा लावली होती. गेल्या वर्षीच्या मानाने जी इमारत सर्वांत कमी वीज वापरेल, तिचा सत्कार. भाग घेतलेल्या इमारतींचे रीडिंग दर महिन्याला महापालिकेच्या फलकावर लागत होते. निकाल पुढच्या आठवड्यात होता. या वसतिगृहाची खरी चुरस होती ती गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मुलांच्या वसतिगृहाशी. तिथले व्यवस्थापक ऑनररी कॅप्टन, लोणंदचे, सुभेदारांच्याच पलटणीतले.

"त्ये माझं सीनियर," सुभेदार म्हणाले. "पलटनीत कंपनी-कंपनीत म्याच असायची. खो-खो असू दे न्हाईतर बागकाम, त्ये दरसाली जिकायचं. आमचं काय चाललंय त्ये तिकडं कळलं असतं, तर त्येनी एका दिसात उचललं असतं. म्हनून मावशीनी भंडारा काढला."

"पण केलंत काय?"

"चला वर, दावतो."

महिला हवालदारांनी फोनवरून रेक्टर बाईंची परवानगी घेतली, पोरींना बाजूला केले, आणि आम्ही गच्चीवर गेलो. दार उघडले आणि मी डोळे मिटून घेतले. सगळी गच्ची चुन्याने पांढरीशुभ्र रंगवलेली. ऊन इतके परतून येत होते की पाहवेना. पण खालच्या मजल्यावर पंखे बंद असूनही उकाडा का जाणवला नाही, ते तेव्हा कळले.

गच्चीच्या दक्षिण कडेला ओळीने बारा ड्रम. काळे रंगवलेले, पत्र्याच्या पेटाऱ्यात ठेवलेले, समोर जुन्या खिडक्यांच्या काचा. आणि दोन मुली एकेका ड्रमला घोंगडी पांघरत होत्या. काळी, जाडजूड, मेंढरांच्या लोकरीची अस्सल घोंगडी. बारा म्हातारे ओळीने शेकत बसावेत तसे ते ड्रम दिसत होते. पत्रातल्या "काळ्या वस्तूंची हालचाल" ती हीच.

"दिसभर काच घालून उनात तापवायचं," मावशी सांगू लागल्या. "दिस कलला की घोंगडं गुंडाळायचं. पोरी म्हनायच्या, पानी तापतंय पन सकाळपतूर गार हुतंय. मी म्हनलं, आमी रानात पान्याच्या घागरीला वलं घोंगडं गुंडाळतो, पानी गार ऱ्हातंय. मग कोरडं गुंडाळलं तर ऊन पानी ऊन का ऱ्हानार न्हाई? पोरींनी घरनं घोंगडी आनली. गिझर बंद, तवापासनं."

सुभेदारांनी बाकीचे दाखवले. प्रत्येक मजल्यावर एका मुलीची बटणांवर पहाऱ्याची पाळी, पाळीबदल शिट्टीवर. खोलीतून शेवटची मुलगी निघाली की पंखा बंद आहे याचा अहवाल द्यायचा. पाण्याची मोटर किती वेळ चालवायची, तेही ठरलेले. इमारत सगळी फौजी शिस्तीत चालली होती आणि पोरी त्यात मनापासून रमल्या होत्या.

मला आनंद झाला, पण माझ्या आनंदाला कायद्यात किंमत नव्हती. अभियंत्यांना पुरावा लागणार होता. मी त्यांना लगेच बोलावून घेतले. त्यांनी खांबापासून मीटरपर्यंत वायर हाताने तपासली, जोड नव्हता. मग संध्याकाळी सहा वाजता मीटरचे रीडिंग पंचनाम्यात लिहिले आणि महिला हवालदारांनी आत जाऊन प्रत्येक गिझरच्या बटणावर सहीची कागदी पट्टी डकवली. सकाळी सहाला पुन्हा पाहायचे ठरले. पट्ट्या जागेवर राहिल्या, पोरींच्या आंघोळी गरम पाण्याने झाल्या आणि मीटर फक्त दिव्यांपुरते सरकले, तर चोरीचा प्रश्नच मिटत होता.

पंचनाम्याला दोन पंच लागतात. एक म्हणून कोपऱ्यावरचा दूधवाला घेतला. दुसऱ्यासाठी मी थोडा खोडसाळपणा केला. ठाण्यात जाऊन मुलांच्या वसतिगृहात फोन लावला आणि कॅप्टनना म्हटले, "साहेब, एका सरकारी कामात तुमची मदत हवी आहे. सकाळी ०५४५ वाजता."

पलीकडून त्यांनी वेळ पुन्हा उच्चारून पाहिली. मग, "येतो, सायेब."

ते पावणेसहाला पाच मिनिटे कमी असताना फाटकात होते. उंच, पांढऱ्या झुपकेदार मिशांचे, ब्लेझर घातलेले. सुभेदारांनी त्यांना पाहून कडक सॅल्यूट ठोकला. कॅप्टननी तो घेतला, पण नजर दुसरीकडे होती.

उजाडत होते. महिला हवालदार आतून आल्या आणि म्हणाल्या, पट्ट्या सगळ्या जागेवर आहेत. अभियंत्यांनी बॅटरी मारून मीटर वाचले, पुन्हा वाचले, आणि आकडा लिहिताना स्वतःशीच मान हलवली. मग आम्ही गच्चीवर गेलो. सुभेदारांनी पहिल्या ड्रमचे घोंगडे थोडे सारले आणि नळ सोडला. बादलीतून वाफ आली.

"पंचांनी हात घालून पाहावे," मी म्हटले.

दूधवाल्याने बोट बुडवले आणि मान डोलावली. कॅप्टननी ब्लेझरची बाही मागे सारून मनगटापर्यंत हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला.

"काय लिहू?" मी विचारले.

"लिवा," ते म्हणाले, "पानी कडक हाय." मग ते कितीतरी वेळ ड्रमांच्या ओळीकडे बघत राहिले. चुन्यावर पाय घासून पाहिला, घोंगड्याची जाडी दोन बोटांत धरून पाहिली. पंचनाम्यावर सही केली, पेन परत दिले, आणि सुभेदारांसमोर जाऊन उभे राहिले.

"गड्या, ती चिठ्ठी म्या लिवली हुती."

अभियंत्यांनी चमकून वर पाहिले. कॅप्टन बोलत राहिले.

"माझ्या पोरांनी बी जिवाचं रान केलं. फलकावर तुझा आकडा बघितला, तवा मला वाटलं, एवढं खाली कुनी येऊच शकत न्हाई. तू चोरी करशील आसं मनात आलं. माझं चुकलं."

सुभेदारांनी वाकून नळ बंद केला. मग त्यांनी विचारले, "सर, चिठ्ठीला नंबर घालून परिच्छेद लिवलं हुतं का?"

"व्हय."

"मग निनावी कसली?" सुभेदार म्हणाले, आणि आधी मावशी हसल्या, मग पोरी, मग मी. कॅप्टनच्या मिशांखालूनही हसू फुटले. दूधवाल्याला काही कळले नव्हते, पण तोही हसत होता. अभियंत्यांनी तक्रारअर्ज मागे घेतला, आणि जाता जाता मावशींना विचारले, घोंगडी कुठे मिळतात.

कॅप्टन दुपारी ठाण्यात आले. मी त्यांचे पत्र काढून पुढे ठेवले. त्यांनी "निनावी" या शब्दावर काट मारली आणि त्याखाली आपला नंबर, हुद्दा आणि पूर्ण नाव लिहिले. "आता फायलीला लावा," म्हणाले.

त्यांच्यामागोमाग सुभेदार आले. उभ्या उभ्याच म्हणाले, "सायेब, एक कागद पायजे."

"कसला?"

"चोरी झाली न्हाई, आसा."

तेहतीस वर्षांच्या नोकरीत असा कागद मला कुणी मागितला नव्हता आणि मी कुणाला दिला नव्हता. काय घडले ते आम्ही लिहितो. जे घडलेच नाही त्याला आमच्याकडे नमुना नाही. अंमलदाराने माझ्याकडे पाहिले. मी ठाण्याचा कागद घेतला, जावक क्रमांक घातला, आणि स्वतःच्या हाताने लिहिले की सदर इमारतीत चोरी झालेली नाही; वीज वाचवण्यात आलेली आहे. शिक्का मारला. सुभेदारांनी कागद दोन्ही हातांनी घेतला आणि तेव्हा पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकून बसले.

स्पर्धेत मुलींचे वसतिगृह पहिले आले, मुलांचे दुसरे. सत्काराला कॅप्टन पहिल्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते. पुढच्या वर्षी त्यांच्या गच्चीवरही ड्रम आले, आणि घोंगडी मावशींनी जतहून आणून दिली. मी आमच्या ठाण्याच्या गच्चीला चुना मारून घेतला. दुपारी ठाण्यातल्या पंख्यांखाली बसणाऱ्या माझ्या माणसांना फरक आधी कळला, मग त्यांनी आपापल्या घरीही चुना मारला. आमच्या घरावर तर दोन ड्रम घोंगड्यांसकट येऊन बसले.

या प्रकरणाने मला माझ्याच डोळ्यातली खोड दाखवली. काही कमी झाले की चोर शोधायचा, हे आमच्या अंगात मुरलेले. धान्य कमी, दागिना कमी, रीडिंग कमी, की बोलाव संशयिताला. एखादी गोष्ट कमी व्हावी म्हणूनच कुणीतरी चाळीस पोरींना घेऊन झटत असेल, शिट्ट्या वाजवत असेल, ड्रमांना पांघरूण घालत असेल, हे माझ्या डोक्यात आले नव्हते. एका सरळ माणसाला मी तासभर चोरासारखे प्रश्न विचारले, याची लाज मला अजून वाटते. तशी ती वाटत राहावी हे बरे.

निवृत्तीनंतर मी एकदा त्या वसतिगृहात गेलो. सुभेदारांनी फाटकातच अडवले, आत फोन करून रेक्टर बाईंची परवानगी घेतली आणि मगच सोडले. मीटरच्या वर भिंतीवर दोन फ्रेमा होत्या. एकीत मी दिलेला कागद, दुसरीत कॅप्टनच्या सहीच्या पत्राची झेरॉक्स. नव्या वर्षाच्या पोरींना पहिल्या दिवशी दोन्ही वाचायला लावतात म्हणे.

मी म्हटले, "माझा कागद ठीक आहे, सुभेदार. पण कॅप्टनसाहेबांचं पत्र कशाला लावलंत? त्यांना वाईट वाटेल."

"वाईट कशाला? त्येंनीच फ्रेम करून आनली," सुभेदार म्हणाले. मग सदऱ्याच्या टोकाने त्यांनी काचेवरची धूळ पुसली. "आन् सायेब, त्येंनी त्ये लिवलं नसतं, तर ह्या जलमात आपन चोरी केली न्हाई, ह्ये मला शिक्का मारून कोन देनार हुतं?"